चाक धरून ठेवणारे पांच नट

बैलगाडीचें चाक आंसावर एका खिळीच्या भरंवशावर राहतें. तुंबा आंसावर मोकळा फिरतो, वंगण त्याला फिरूं देतें, आणि टोकाची खीळ चाकाला बाहेर सरकूं देत नाहीं, इतकेंच. गाडी ओढतात बैल; चाकाला स्वतः कांहीं ओढावें लागत नाहीं. थांबावयाचें झालें तरी बैलच थांबतात. म्हणून आमच्या आजोबांच्या पिढीला चाक कशानें धरून ठेवावें याचा फारसा विचार करावा लागला नाहीं. खीळ झिजली कीं लोहाराकडून दुसरी घडवून घ्यावी आणि बाजाराची वाट धरावी, असा सरळ व्यवहार होता.

मोटारगाडीची गोष्ट निराळी आहे. तिचें चाक हबावर घट्ट आवळलेलें असतें, आणि हब फिरतो म्हणून चाक फिरतें. इंजिनाचा सारा जोर ह्याच जोडांतून चाकाकडे जातो. ब्रेक दाबला म्हणजे गाडीला थोपविणारा सारा रोधहि ह्याच जोडांतून येतो. हा जोड म्हणजे चार, पांच किंवा सहा नट. जीप, जिप्सी व जिम्नी ह्या गाड्यांना प्रत्येक चाकास पांच नट असतात, आणि त्या पांचांविषयींच आम्ही येथें लिहिणार आहों.

विषय क्षुल्लक वाटेल. परंतु तो आमच्या जालना जिल्ह्यांत आज अगदीं दारांत येऊन उभा आहे. अंबड-घनसावंगीकडील उसाच्या व मोसंबीच्या मळ्यांतून, भोकरदन-जाफराबादकडील काळ्या चिकट मातींतून आणि अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याच्या खडकाळ वाटांवरून चालणाऱ्या, चारहि चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांची हौस आमच्या तरुण मंडळींत वाढत आहे. गाडी घरीं आली कीं पहिला बेत ठरतो तो चाकें बदलण्याचा. कंपनीनें दिलेलीं पोलादी चाकें काढावयाचीं आणि त्यांच्या जागीं अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचीं रुंद, चकचकीत चाकें बसवावयाचीं. बाजारांत त्यांना अलॉय किंवा मॅगव्हील म्हणतात. चाकांसाठीं हजारों रुपये मोजणारा मनुष्य रंग विचारतो, रुंदी विचारतो, टायर कोणता बसेल तें विचारतो. नटांविषयीं मात्र एक शब्द विचारीत नाहीं. जुन्या चाकाचे नट होतेच, तेच पुन्हां आवळले जातात, अथवा गॅरेजमधल्या नटांच्या डब्यांत हात घालून जो फिरेल तो लावला जातो. त्याच गाडींतून मुलें शाळेंत येतात व घरचीं मंडळी देवदर्शनास राजूरला जातात.

आमचें सांगणें एवढेंच आहे कीं, नटाचें नातें दोघांशीं असतें. आंतल्या आट्यांनीं तो हबाच्या बोल्टाशीं जुळतो आणि तोंडाच्या उतारानें चाकाच्या भोकाशीं जुळतो. चाक बदललें म्हणजे ह्या दोन नात्यांपैकीं एक तुटलें. तेव्हां नव्या चाकाबरोबर नटाचाहि नव्यानें विचार झाला पाहिजे. हें कां, तें समजण्यास प्रथम नट चाकाला धरतो कसा तें पाहूं.

पुष्कळांची समजूत अशी असते कीं, भिंतींतल्या खुंटीवर जसा अंगरखा टांगावा तसें चाक बोल्टांवर टांगलेलें असतें, आणि नट केवळ तें निसटूं नये म्हणून पुढें लावलेले असतात. म्हणजे बैलगाडीची खीळच, फक्त एकीच्या ऐवजीं पांच! ही समजूत चुकीची आहे. नट पान्यानें आवळला म्हणजे बोल्ट ताणला जातो. पोलाद ताणलें जातें हें ऐकून लहान मुलांना नवल वाटेल. पण तें रबरासारखेंच ताणलें जातें, फक्त फार थोडें. चाकाच्या बोल्टाची ही वाढ मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याच्या जवळपास, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीएवढी असते. ताणलेला बोल्ट पुन्हां आखूड होऊं पाहतो, आणि तसें करतांना चाकाला हबावर दाबून धरतो. ह्या दाबामुळें चाकाची पाठ व हबाचें तोंड ह्यांमध्यें जें घर्षण उत्पन्न होतें, तेंच चाकाला जागच्या जागीं धरून ठेवतें. बोल्टानें ताण द्यावा आणि भार घर्षणानें सोसावा, अशी ही वांटणी आहे.

दाब किती असतो याचा अंदाज वरच्या वर्गांतल्या मुलांना सहज काढतां येईल. बोल्टाचा व्यास १२ मिलिमीटर आहे आणि नट १०० न्यूटन-मीटर इतक्या पिळानें आवळला आहे असें समजूं. पिळाला बोल्टाच्या व्यासानें व ०.२ ह्या अनुभवसिद्ध अंकानें भागलें म्हणजे ताण मिळतो. १०० भागिले (०.२ गुणिले ०.०१२) म्हणजे सुमारे ४१,६०० न्यूटन. शेतकऱ्याच्या भाषेंत सांगावयाचें तर एकेक नट सुमारे बेचाळीस क्विंटल धान्याच्या वजनाएवढा दाब देतो, आणि पांच नट मिळून दोनशें क्विंटलांहून अधिक. सबंध गाडीचें वजन पंधरा-वीस क्विंटल. मग एवढा दाब कशासाठीं?

त्याचेंहि उत्तर गणितांतच आहे. एका चाकावर ४०० किलोग्रॅम भार आहे असें धरा. म्हणजे सुमारे ४,००० न्यूटन. कोरड्या डांबरी रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला तर टायर व रस्ता यांमध्यें त्याच्या आठ दशांश, म्हणजे ३,२०० न्यूटन रोध येऊं शकतो. टायरची त्रिज्या सुमारे ३५ सेंटिमीटर आणि बोल्टांच्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे ७ सेंटिमीटर, म्हणजे एक पंचमांश. तरफेच्या नियमानें तोच रोध बोल्टांच्या वर्तुळावर पांचपट, म्हणजे १६,००० न्यूटन होतो. आतां दुसरी बाजू पाहा. पांच नटांचा दाब २,०८,००० न्यूटन. लोखंडावर लोखंडाचें घर्षण सावधपणें ०.१५ धरलें तर रोखून धरण्याची शक्ति ३१,००० न्यूटनांच्या आसपास. लागते त्याच्या दुपटीला थोडें कमी. याचा अर्थ असा कीं, नटांचा ताण निम्म्यावर आला कीं सारी शिल्लक संपली. तेथून पुढें चाक हबावर किंचित् घसरूं लागतें, भार घर्षणावरून बोल्टांच्या अंगावर येतो, आणि जे बोल्ट केवळ ताणण्यासाठीं केलेले ते आतां वांकविले जाऊं लागतात. एकाच दिशेनें वांकविले जाते तरी एक वेळ निभावलें असतें. पण चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ते इकडून तिकडे वांकतात. शंभर किलोमीटरांत असें चाक पंचेचाळीस हजार फेरे घेतें. तार हातानें पुढेंमागें वांकवून तोडतां येते हें कोणत्याहि मुलाला माहीत आहे.

पूर्वीं आमच्याकडील गाडी रानांतून निघून फार तर तालुक्याच्या गांवापर्यंत जाई. आतां मळ्यांतून निघालेली जीप तासाभरांत समृद्धि महामार्गाला लागते. नागपुराहून शिर्डीपर्यंतचा हा रस्ता ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला व ५ जून २०२५ रोजीं मुंबईच्या बाजूचा शेवटचा भागहि सुरू झाला. एकूण ७०१ किलोमीटर, आणि मोटारींना ताशीं १२० किलोमीटरांची मोकळीक. ह्या वेगानें चाक सेकंदाला सुमारे पंधरा फेरे घेतें. मळ्यांतल्या चिखलांत सैल झालेल्या नटाची परीक्षा अशा ठिकाणीं होते.

आतां बैठकीकडे वळूं. नटाचें जें तोंड चाकाला टेकतें त्याला आम्ही बैठक म्हणूं. हिचे तीन प्रकार मुख्य आहेत. पहिला शंकूचा, ह्यांत नटाचें तोंड निमुळतें असतें व दोन्ही बाजूंचा मिळून कोन बहुधा ६० अंशांचा असतो. मारुतीच्या जिप्सीचे व जिम्नीचे नट ह्या जातीचे, आणि बाजारांतलीं बहुतेक अलॉय चाकेंहि ह्याच बैठकीचीं असतात. दुसरा प्रकार गोल. नटाचें तोंड चेंडूच्या तुकड्यासारखें आणि चाकाचें भोंक वाटीसारखें. होंडाच्या मूळ चाकांना अशी बैठक असते. तिसरा सपाट, नटाखालीं चपटा वॉशर आणि भोकाभोंवतीं सपाट जागा. टोयोटाच्या कित्येक मूळ अलॉय चाकांना ही पद्धत आहे.

शंकूचा नट वाटीच्या भोकांत घातला तर तो बसल्यासारखा दिसतो. बाहेरून कांहींहि वेडेंवांकडें दिसत नाहीं. परंतु आंत तो रुंद पट्ट्यावर न टेकतां केवळ एका बारीक वर्तुळरेषेवर टेकलेला असतो. अॅल्युमिनियम पोलादाहून मऊ; बेचाळीस क्विंटलांचा दाब त्या रेषेवर आला म्हणजे धातु हळूहळू दबते आणि नट आंत सरकतो. किती सरकला तर ताण जाईल? मघांशीं सांगितलेंच आहे: बोल्टाची सारी वाढच केसाच्या जाडीएवढी. बैठक तेवढी दबली कीं ताण शून्य! पाना न लावतां, नट एक तसूभरहि न फिरतां, चाक सैल होतें. पुष्कळ लोक नट ‘फिरून’ सैल होतो एवढेंच जाणतात. बसून सैल होतो हें त्यांच्या गांवींहि नसतें.

बैठक चुकल्यानें दुसरेंहि एक नुकसान होतें. पान्यावर आपण जो जोर लावतों त्यापैकीं सुमारे निम्मा बैठकीच्या घर्षणांत खर्च होतो, सुमारे चार दशांश आट्यांच्या घर्षणांत, आणि जेमतेम एक दशांश बोल्ट ताणण्याच्या कामीं येतो. बैठक बदलली, तिच्यावर रंगाचा थर आला, कीं हा हिशेब बिघडतो. पाना तोच जोर दाखवितो, पण बोल्टाला ताण निराळाच मिळतो. ह्याच कारणानें आट्यांना तेल अगर ग्रीस लावण्याची पद्धत घातक आहे. तेलानें घर्षण कमी होतें, पाना तेवढाच ओढला तरी ताण पुष्कळ वाढतो, आणि बोल्ट सोसेल त्यापलीकडे ताणला जातो. गाडीच्या पुस्तिकेंत तेल लावण्यास स्पष्ट सांगितलें नसेल तर आटे स्वच्छ व कोरडेच ठेवावे.

बैठक जुळते कीं नाहीं हें पाहण्याची एक सोपी युक्ति आहे. नटाच्या निमुळत्या तोंडाला काजळाचा पातळ हात द्यावा, नट चाकाच्या भोकांत हातानें बसवून थोडा फिरवावा, व काढून पाहावा. काजळ रुंद पट्ट्याच्या आकारांत सर्व बाजूंनीं पुसलें गेलें असेल तर बैठक जुळली. नुसती एक बारीक रेघ उमटली, किंवा एकाच बाजूचें काजळ गेलें, तर तो नट त्या चाकाचा नव्हे.

आट्यांचा विषय ह्याहून अवघड आहे, आणि त्याला आमच्या देशाचा थोडा इतिहास चिकटलेला आहे. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबईस माझगांव येथें महिंद्र कंपनीनें अमेरिकेच्या विलिस कंपनीच्या जीपगाड्या जोडण्यास आरंभ केला. त्या गाड्यांचीं सारीं मापें इंचांचीं. चाकाचे पांच बोल्ट साडेपांच इंच व्यासाच्या वर्तुळावर, बोल्ट अर्ध्या इंचाचा, आणि एका इंचांत वीस आटे. लोहारकाम करणारे अशा बोल्टाला अजून ‘चार सुती’ म्हणतात, कारण एक सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. पुढें १९८५ च्या सुमारास मारुतीची जिप्सी आली, आणि २०२३ सालीं जिम्नी. ह्या दोहोंच्या बोल्टांचें वर्तुळ पूर्वींच्या जीपएवढेंच, १३९.७ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेपांच इंच. पण बोल्ट मात्र १२ मिलिमीटर व्यासाचा आणि आट्यांमधील अंतर १.२५ मिलिमीटर. वर्तुळाचें माप एक असल्यामुळें एकीचें चाक दुसरीवर बसविण्याची बुद्धि होते, आणि चाकाबरोबर नटहि इकडचे तिकडे जातात.

येथेंच खरा धोका आहे. इंचास वीस आटे म्हणजे दोन आट्यांमधील अंतर १.२७ मिलिमीटर. जिप्सीच्या बोल्टाचें १.२५. फरक मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याचा! जीपचा अर्ध्या इंचाचा नट जिप्सीच्या बोल्टावर लावला तर तो मुळींच अडत नाहीं, उलट लोण्यासारखा फिरतो, आणि शेवटीं पाना लावला कीं आवळल्यासारखाहि लागतो. परंतु नट १२.७ मिलिमीटरांचा आणि बोल्ट १२ चा. योग्य नटाचे आटे ह्या बोल्टाच्या आट्यांत सुमारे ०.६८ मिलिमीटर शिरतात. हा मोठा नट जेमतेम ०.३४ मिलिमीटर शिरतो. म्हणजे दांतांत दांत निम्मेच अडकलेले. शेंड्याशेंड्यांवर टेकलेले असे आटे पुरत्या ताणाला पुरे पडत नाहींत. ते खरवडून निघतात, मग एके दिवशीं नट निघून हातांत येतो, आंतले आटे साफ झालेले. मुळींच न बसणारा नट कोणाचें वाईट करीत नाहीं, कारण तो डब्यांत परत जातो.

हा फसवा नट ओळखावयाचा कसा? बोल्टावर दोन-तीन फेरे फिरवून तेथेंच थांबावें व बोटांनीं हलवून पाहावें. योग्य नट अगदीं किंचित् हलतो. मोठा नट स्पष्टपणें डुलतो. ह्याहून पक्की परीक्षा म्हणजे मोजमाप. व्हर्निअर कॅलिपर मुलांनीं भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेंत हाताळलेला असतो. त्यानें बोल्टाचा बाहेरचा व्यास मोजला कीं १२ आणि १२.७ मधला भेद झांकत नाहीं. आट्यांचें अंतर मोजण्यास दातेरी पट्ट्यांचें एक लहान साधन मिळतें. तें नसलें तर दहा आट्यांची लांबी मोजून दहानें भागावी.

याच्या उलट प्रकार १२ मिलिमीटरच्याच पण १.५ अंतराच्या नटाचा. असे नट बाजारांत सर्वांत अधिक मिळतात. जिप्सीच्या बोल्टावर तो एक-दोन फेरे जातो व अडतो, कारण प्रत्येक फेऱ्याला पाव मिलिमीटरची चूक सांचत जाते. हातानें आवळणारा मनुष्य येथें थांबतो. पण वाऱ्याच्या जोरावर चालणारी आवळण्याची गन थांबत नाहीं. ती आटे कापीत नट आंत नेते, आणि गाडीवाल्याला वाटतें कीं काम झकास घट्ट झालें. म्हणून आमचा आग्रह असा कीं, कोणताहि नट प्रथम बोटांनीं शेवटपर्यंत गेला पाहिजे. जो बोटांनीं जात नाहीं तो गननें नेऊं नये.

जुन्या विलिस जीपच्या बाबतींत आणखी एक गंमत आहे. तिच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असत, म्हणजे नट सोडविण्यास पाना घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरवावा लागे. चाकाच्या फिरण्यानें नट आपोआप सैल होऊं नये हा त्यांतला हेतु. पुढें ही पद्धत मोटारींतून मागें पडली. परंतु कोणा हौशी गृहस्थानें जतन केलेली जीप पंक्चर झाली आणि पंक्चरवाल्या पोराला हें ठाऊक नसलें, तर तो सोडवितां सोडवितां आवळीत सुटतो आणि पान्यावर उभा राहून शेवटीं बोल्ट मोडतो. अशा बोल्टाच्या टोकावर बहुधा इंग्रजी एल अक्षर कोरलेलें असतें.

नट जालन्यांतच लेथवर करून घेऊं, असेंहि कोणी म्हणतात. आमचें शहर लोखंडी सळयांच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध, कारागीर कुशल, आणि सळईचा तुकडा फुकट मिळण्यासारखा; मोह स्वाभाविक आहे. परंतु घराच्या स्लॅबमधली सळई आणि चाकाचा बोल्ट हीं दोन वेगळ्या कुळांतलीं पोलादें आहेत. चाकाच्या बोल्टावर १०.९ असा आंकडा असेल तर त्याचा अर्थ तो दर चौरस मिलिमीटरला १,००० न्यूटन ताण सोसून मग तुटतो. इमारतीच्या नेहमींच्या सळईची शक्ति त्याच्या निम्म्याहून थोडी अधिक. शिवाय नटाला पाणी देऊन योग्य तेवढें कठीण करावें लागतें. तेथें काटकसर करूं नये.

लांबीचा प्रश्न थोडक्यांत सांगतों. पोलादी चाकाचा पत्रा बैठकीपाशीं चार-पांच मिलिमीटर जाड असतो. अलॉय चाक तेथें त्याच्या दुप्पट-तिप्पट जाड. बोल्ट मात्र तोच. अर्थात् नटाला मिळणारे आटे कमी होतात. साधारण नियम असा कीं, नटानें बोल्टाच्या व्यासाएवढी तरी लांबी धरली पाहिजे. १२ मिलिमीटरचा बोल्ट व १.२५ चें अंतर असेल तर हे जवळजवळ दहा पूर्ण फेरे होतात, १.५ अंतर असेल तर आठ. अर्ध्या इंचाच्या जुन्या बोल्टाला दहा. नट बोटांनीं लावतांना फेरे मोजावे. पांच-सहा फेऱ्यांतच तो चाकाला टेकला तर त्या चाकाला लांब मानेचे, भोकांत उतरणारे नट हवेत, किंवा हबाचे बोल्टच लांब हवेत. चाकामागें जाड चकती घालून चाक बाहेर काढण्याची जी टूम निघाली आहे तिच्यानेंहि हेच आटे खाल्ले जातात.

ह्याच्या अगदीं विरुद्ध असाहि एक चकवा आहे. शोभेचे चकचकीत नट टोपीसारखे तोंड बंद असलेले असतात. बोल्ट लांब असला तर त्याचें टोक टोपीच्या तळाला जाऊन टेकतें. पाना घट्ट लागतो, हाताला समाधान मिळतें. पण तो घट्टपणा टोपीचा असतो, चाकावर दाब आलेलाच नसतो. चाक न बसवितां तो नट मोकळ्या बोल्टावर शेवटपर्यंत फिरवावा, किती फेरे गेला तें मोजावें, मग चाक बसवून पुन्हां मोजावें. दुसरी संख्या पहिलीहून दोन-तीन फेऱ्यांनीं तरी कमी आली पाहिजे.

बोल्टांच्या वर्तुळाचें माप नव्या चाकाच्या पाठीवर बहुधा लिहिलेलें असतें. जुन्या बाजारांतून घेतलेल्या चाकावर तें पुसलेलें असलें तर भूमिति कामास येते. सहा भोकें असतील तर समोरासमोरच्या दोहोंमधील अंतर मोजलें कीं झालें. पांच भोकांत समोरासमोर कोणीच नसतें. म्हणून शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधील अंतर घ्यावें. मध्यबिंदूपाशीं त्या दोहोंचा कोन ३६० चा पांचवा हिस्सा, म्हणजे ७२ अंश; त्याचा निम्मा ३६. ह्या कोनाची ज्या ०.५८८, म्हणून मोजलेल्या अंतराला १.७ नें गुणिलें कीं वर्तुळाचा व्यास मिळतो. ८२.१ मिलिमीटर अंतर आलें तर व्यास १३९.७, तें चाक जीपचें किंवा जिप्सीचें. ७४.६ आलें तर व्यास १२७, म्हणजे पांच इंच. तें आमच्या गाडीचें नव्हे, आणि भोकें कानशीनें लांबट करून तें बसवूं म्हणणाऱ्या कारागिराला दुरून नमस्कार करावा. मधलें मोठें भोंकहि पाहिलें पाहिजे. जिम्नीच्या हबासाठीं तें सुमारे १०८ मिलिमीटर लागतें; लहान असलें तर चाक बसणारच नाहीं, मोठें असलें तर चाक मध्यावर आणण्याचें काम सर्वस्वीं नटांच्या शंकूंवर पडतें, आणि मग बैठक जुळण्याचें महत्त्व दुप्पट होतें.

पालकांनीं कायद्याचीहि बाजू लक्षांत घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८, याचें ५२ वें कलम गाडींत केलेल्या फेरफारांविषयीं आहे, आणि ९ जानेवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ह्या कलमाचा अर्थ स्पष्ट केला: निर्मात्यानें दिलेल्या व नोंदणींत आलेल्या तपशिलांशीं विसंगत होईल असा बदल करतां येत नाहीं. फार रुंद चाकें व मोठे टायर घेण्यापूर्वीं आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयांत विचारून घेणें श्रेयस्कर. चाकें घेतांना त्यांवर भारतीय मानकाची खूण आहे ना, आणि तीं किती भार सोसतात याचा आंकडा चाकाच्या पाठीवर ओतलेला आहे ना, हें पाहावें.

राहिलें आवळण्याचें काम. हबाचें तोंड व चाकाची पाठ ह्यांवरची माती, गंज व रंगाचे पोपडे तारेच्या ब्रशानें काढावे. आमच्याकडील काळी माती वाळली कीं विटेसारखी कठीण होते. तिचा पातळ थर मध्यें राहिला तर आवळतांना घट्ट वाटतें, आणि पहिल्या प्रवासांत तो चुरा होऊन गळून गेला कीं चाक सैल. गाडी जॅकवर असतांना पांचहि नट बोटांनीं पूर्ण लावावे, मग पान्यानें हलके टेकवावे, तेहि शेजारशेजारचे नव्हे तर एक सोडून एक, कागदावर पांच टोकांची चांदणी काढतों त्या क्रमानें. चाक जमिनीवर टेकल्यावर त्याच क्रमानें मापाच्या पान्यानें, गाडीच्या पुस्तिकेंत दिलेल्या पिळापर्यंत आवळावे. मापाचा पाना थोडा महाग असतो, हें खरें. परंतु एका गल्लींतल्या चार घरांनीं मिळून एक घेण्यास हरकत काय?

नवीं अलॉय चाकें बसविल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटर चालवून नट पुन्हां एकदां मापानें पाहावे. नवी बैठक, तिच्यावरचा रंग, मऊ धातु हीं सर्व पहिल्या दिवसांत थोडीं दबतातच. शिवाय अॅल्युमिनियम उष्णतेनें पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतें. घाटांत ब्रेक तापले व मग थंड झाले म्हणजे ह्या दोन धातूंची ओढाताण होत असते. त्यानंतर प्रत्येक वेळीं चाक काढून बसविलें कीं हाच क्रम पुन्हां. चाक निसटण्यापूर्वीं बहुधा सूचना देतें. हळू चालतांना टकटक असा आवाज, स्टीअरिंगला नवी थरथर, नटाभोंवतीं तांबूस गंजाचे ओघळ. यांपैकीं कांहीं दिसलें तर गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन तेथेंच पाहावें. पुढचा गांव येईपर्यंत दम धरूं नये.

आणि एक गोष्ट, जी दुकानदार सहसा सांगत नाहीं. चार चाकें अलॉयचीं झालीं तरी मागें टांगलेली स्टेपनी बहुधा जुनी पोलादीच राहते. नवे लांब मानेचे किंवा निराळ्या बैठकीचे नट तिला चालत नाहींत. मान चाकाच्या पातळ पत्र्यांतून आरपार जाऊन हबाला टेकते आणि चाक मोकळेंच राहतें. रात्रीच्या वेळीं मंठ्याच्या रस्त्यावर पंक्चर झालें असतां हें लक्षांत येऊन उपयोग नाहीं. म्हणून चाकें बदललीं त्याच दिवशीं मूळचे पांच नट फडक्यानें पुसावे, कापडी पिशवींत घालून जॅकजवळ ठेवावे, आणि पिशवीवर ठळक अक्षरांत ‘स्टेपनीचे नट’ असें लिहून ठेवावें.